आठ सिलिंडरांचा पेशंट



मागच्या लेखात गुडघ्यांविषयी लिहिलं, तेव्हा पुढच्या वेळी मोतीबिंदूविषयी लिहू असं आम्ही कबूल केलं होतं. मोतीबिंदू थोडा थांबेल. या खेपेला एका निराळ्याच पेशंटची हकीकत सांगायची आहे. वय बावन्न, वजन दीड टन, मुक्काम दुबई. नातवंडांना जवळ बसवून वाचा. आपली पोरं मराठी वाचत नसली तरी ऐकतात, आणि मोटारीचं नाव काढलं की हातातला मोबाईलही खाली ठेवतात.

सप्टेंबर २०२० मध्ये अमिरातीशी करार झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तेल अवीवहून दुबईला थेट विमानं सुरू झाली. ठाण्याच्या आमच्या बहिणीचा नातू तिथे बरीच वर्षं नोकरीला आहे, जबल अलीच्या बंदरात क्रेनची देखभाल करतो. घरात त्याला सगळे बाळ्याच म्हणतात, तेव्हा इथेही बाळ्याच म्हणू. "मावशीआजी, आता तरी या," असा त्याचा धोशा चालला होता. शेवटी २०२२ च्या हनुक्काला आम्ही गेलो. मिरदिफ भागात त्याचं भाड्याचं बैठं घर आहे, पुढे थोडं अंगण, बाजूला गॅरेज, आणि गॅरेजातून थेट स्वयंपाकघराकडे उघडणारं दार. हे दार लक्षात ठेवा.

पहिल्याच संध्याकाळी त्याने आम्हाला गॅरेजात नेलं आणि एखाद्या नवरीचा घुंघट उचलावा तसं गाडीवरचं कापड उचललं. १९७० सालची शेवरोले शेवेल मालिबू! दोन दारं, लांबलचक नाक. "गाडी या देशापेक्षा मोठी आहे," तो म्हणाला. खरंच की, अमिरातीचं संघराज्य झालं २ डिसेंबर १९७१ ला.

बालमित्रांनो, अशा गाडीला अमेरिकेत मसल कार म्हणतात, म्हणजे पैलवान गाडी. अंगाने मध्यम, किंमतही आवाक्यातली, पण बॉनेटखाली मोठ्या गाडीचं इंजिन बसवलेलं. १९६४ साली पाँटियाकने आपल्या मध्यम गाडीत ३८९ क्युबिक इंचांचं इंजिन घालून जीटीओ काढली आणि तिथून ही हौस पसरली असं बहुतेक मानतात. बाळ्याच्या गाडीत ३५० क्युबिक इंचांचं व्ही-एट होतं, म्हणजे आपल्या मापाने ५.७ लिटर. चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे. मुंबईच्या रस्त्यावर आपण ज्या प्रीमियर पद्मिनीत बसून लग्नाला जात होतो, तिचं इंजिन १०८९ सीसीचं होतं. म्हणजे या एका बॉनेटखाली पाच पद्मिन्या मावतात!

या पैलवानांचं राज्य फार टिकलं नाही. १९७० साली अमेरिकेत धुराविरुद्धचा कायदा कडक झाला, विम्याचे हप्ते वाढले, १९७१ पासून कारखान्यांनी इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरवलं. आणि मग आला ऑक्टोबर १९७३. तो महिना आम्हाला कोणी सांगायला नको. अलियाला तीन वर्षं झाली होती, दक्षिणेतल्या एका इस्पितळात आम्ही नर्स होतो, योम किप्पूरच्या दुपारी भोंगा वाजला आणि त्यानंतर किती दिवस घरी गेलो नाही ते आठवत नाही. सिनाईतून हेलिकॉप्टरं यायची. त्याच दिवसांत, १८ ऑक्टोबरला, अबू धाबीने अमेरिकेचं तेल सगळ्यांत आधी बंद केलं, मागोमाग इतर अरब देशांनी. जानेवारीपर्यंत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. पेट्रोल पिणाऱ्या पैलवानांना मग कोण पोसणार? आम्ही पट्ट्या बदलत होतो तेव्हा तिकडे या गाड्यांचा शेवट चालला होता, हे आम्हाला पन्नास वर्षांनी दुबईच्या एका गॅरेजात कळलं. त्याच अमिरातीत आता या गाड्यांचे शौकीन आहेत, शारजात २००८ पासून जुन्या मोटारींचं संग्रहालयच आहे.

असो. तर बाळ्याचा बेत असा होता की घरच्या घरी इंजिनाची ताकद वाढवायची. फळीवर खोकी रचून ठेवलेली. भलामोठा कार्ब्युरेटर, नवा कॅमशाफ्ट, धूर बाहेर नेणाऱ्या जाड नळ्या. सगळं अमेरिकेहून मागवलेलं, पगाराचे पैसे घालून. आम्ही विचारलं, "इंजिनाला झालंय काय?" म्हणाला, "थोडं थरथरतं, चढावर दमतं, पण हे बसवलं की धावेल." म्हणजे पेशंट तपासायच्या आधी औषधांचं दुकान घरात! वॉर्डात असं करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला आमच्या हेड नर्सने दारातूनच परत पाठवलं असतं. आम्ही म्हटलं, अरे, आधी चार्ट कर. एक वही घे, नाडी, ताप, दाब लिही. मग खोकी फोड.

ठाण्याहून त्याच्या वडिलांनीही फोनवर तेच सांगितलं. आमचा हा भाचा कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, फार बोलत नाही. "कॉम्प्रेशन बघ आधी," एवढंच म्हणाला.

इंजिनाचा दाब कसा बघतात ते सांगतो. आधी इंजिन गरम करतात. मग बंद करून आठही प्लग काढतात, ठिणगीची वायर सोडवतात, एक्सिलरेटर पूर्ण दाबून धरतात आणि प्लगच्या भोकात घड्याळ लावून स्टार्टरने पाच-सहा झटके देतात. पिस्टन हवा किती दाबतो ते घड्याळावर दिसतं.

इंजिन आधी गरम करतात, हे वाक्य आमच्या लक्षात राहिलं ते भलत्याच कारणाने.

हनुक्काची तिसरी रात्र होती. मेणबत्त्या लावून झाल्या, सुफगानियोत खाऊन झाले, नातसून भांडी आवरत होती. शेजारच्या घरात तान्हं मूल, त्याची झोपमोड नको म्हणून बाळ्याने गॅरेजचं मोठं दार वीतभर उघडं ठेवून बाकी खाली ओढलं आणि इंजिन सुरू केलं. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. स्वयंपाकघराकडचं दार तो सारखा उघडत होता, कधी फडकं ने, कधी पाणी ने. आम्हाला पेट्रोलचा वास आला. गॅरेज आहे, वास येणारच, असं म्हणून आम्ही गप्प बसलो.

छोटी चार वर्षांची. ती येऊन आमच्या मांडीवर आडवी झाली, "डोकं दुखतं" म्हणाली. आम्ही म्हटलं, दिवसभर हुंदडली, गोड खाल्लं, झोप आली असेल. थोड्या वेळाने बाळ्या आत आला, खुर्चीत बसला, कपाळ दाबून म्हणाला, "आज फार डोकं उठलंय, मळमळतंय." तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. एकाच घरात, एकाच वेळी, दोघांचं डोकं! एका माणसाची डोकेदुखी शंभर कारणांनी असते, पण एका छपराखाली दोघातिघांची एकदम असली तर पहिला संशय हवेवर घ्यायचा. चाळीस वर्षं हे आम्ही शिकाऊ मुलींना सांगत आलो, आणि स्वतःच्या घरात अर्धा तास फुकट घालवला. चूक त्याची होतीच, पण आमची जास्त होती.

नातसुनेने बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आणलं. कोविडमध्ये सगळ्यांनी घेतलं तसं त्यांच्याकडेही होतं. आकडा आला ९८. ती म्हणाली, "नॉर्मल आहे की." वाचकहो, हे नीट वाचा. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटावरच्या त्या साध्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. दोघेही त्याला ऑक्सिजनच वाटतात. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९८ दाखवतं. या वायूला वास नाही, रंग नाही. आम्हाला जो वास आला तो न जळालेल्या पेट्रोलचा, त्याच्या आडून हा आत आला होता. त्यात १९७० च्या गाडीला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो.

आम्ही छोटीला उचललं, सगळ्यांना अंगणात काढलं, आणि ९९८ ला फोन करायला लावला. तिथे ॲम्ब्युलन्सचा तो नंबर आहे. इंजिन बाळ्याने आधीच बंद केलं होतं, दारं-खिडक्या सताड उघडल्या. इस्पितळात रक्त तपासलं. सिगरेट न ओढणाऱ्या माणसात हा वायू टक्का-दोन टक्के असतो, बाळ्याच्या रक्तात अठरा निघाला, छोटीच्या बारा. तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन दिला. साध्या हवेत हा वायू अर्ध्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. पहाटेपर्यंत दोघंही ठीक झाली. छोटी मास्कमधून गाणं म्हणत होती. बाळ्या भिंतीकडे तोंड करून बसला होता, त्याला आम्ही काही बोललो नाही.

दोन दिवस गॅरेजला कुलूप. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "गाडी विकून टाकतो." आम्ही म्हटलं, "विकायची तर वीक, पण भीतीपोटी नको." मग घरात यंत्रं बसली, कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा देणारी, एक स्वयंपाकघराच्या दारापाशी आणि एक छोटीच्या खोलीत. आणि ठरलं की यापुढे इंजिन सुरू होईल ते गाडी ढकलत अंगणात आणून, दिवसाउजेडी. दार अर्धं उघडं, पंखा लावला, असल्या सबबी चालायच्या नाहीत. आणखी एक नियम आम्ही घातला. गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर नाही, दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावून. जॅक निसटून बरगड्या मोडलेला माणूस आम्ही पाहिलेला आहे.

त्याला सुट्टी शनिवार-रविवार. शाबाथला पान्याला हात लावायचा नाही हे त्याने आपणहून पाळलं, तेव्हा रविवार उजाडायची वाट बघायची. त्या रविवारी अंगणात, नऊ वाजता, चार्ट भरला. छोटी वही धरून उभी, आम्ही घड्याळ वाचायचो. पौंडात आकडे असे: १५०, १४८, १५२, १४५, १५०, १४७, ९०, १५०. सातवा आजारी! सगळ्यांत कमी दाब हा सगळ्यांत जास्तीच्या पाऊणपटीखाली नसावा असा ठोकताळा आहे, हा तर साठ टक्क्यांवर होता. मग त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा पाहिलं. ऑइलने दाब चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, कारण ऑइल ती फट भरून काढतं. इथे आला ९५. म्हणजे रिंग ठीक, व्हॉल्व्ह गळका. दुखणं कुठे आहे ते अडीच तासांत कळलं. खोक्यांतल्या एकाही सामानाने ते बरं होणार नव्हतं. उलट जास्त पेट्रोल, जास्त ताकद दिली असती तर तो व्हॉल्व्ह आणखी जळला असता.

हेड उतरवून शारजाच्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपात नेलं. मशीनवरचा म्हातारा मिस्त्री मुरुडकडचा, कोकणी मुसलमान. आमचं मराठी ऐकून त्याने चष्मा वर केला. "तुमी शनवार तेली ना?" आम्ही म्हटलं, हो. "मंग तेलाचं तुमाला काय सांगायचं!" असं म्हणून इतका हसला की बाळ्या बघतच राहिला. आपल्या पूर्वजांना कोकणात त्या नावाने ओळखायचे, कारण ते घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, हे त्याला ठाऊक होतं, पण शारजात कोणी ओळख काढील असं वाटलं नव्हतं. चहा आला, खारी आली, मुरुडच्या सुपारीच्या गोष्टी झाल्या. बिल मात्र पूर्ण लावलं, ते सांगायला हवं.

सातव्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याने हातात दिला. कडेला बिस्किटाचा चावा घ्यावा तसा जळालेला. कारण असं की त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं घालत. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये गादीसारखा बसायचा, म्हणून बैठकीचं लोखंड मऊ असलं तरी निभायचं. पुढे शिसं गेलं, आणि गेलं ते बरंच झालं. धुरातलं शिसं लहान मुलांच्या रक्तात उतरतं, मेंदूची वाढ खुंटवतं. भारतात ते २००० साली बंद झालं, आणि पंपावर शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथेही जुलै २०२१ मध्ये थांबलं. पण जुन्या इंजिनाला त्या विषाची सवय होती. ते काढून घेतल्यावर मऊ बैठका झिजतात, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, फटीतून आग जाते. मिस्त्रीने आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक पोलादाच्या नव्या बैठका बसवल्या, गाइड बदलले. आणि सांगितलं की या इंजिनाला हल्लीचं कुठलंही ऑइल ओतू नका, जस्त जास्त असलेलं घ्या. नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून आजच्या ऑइलमधलं जस्त आणि फॉस्फरस कमी केलेलं असतं, आणि जुन्या कॅमवर टॅपेट घासत चालतो, त्याला ते लागतंच.

आता खोक्यांचा प्रश्न. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. बाळ्याने आणलेलं मिनिटाला ८५० घनफूट हवा घेणारं. आम्ही विचारलं, पेशंटचं वजन किती, डोस किती? मग छोटीच्या वहीत हिशेब मांडला. पोरांनो, तुम्हीही मांडून बघा. इंजिन ३५० घनइंच, जास्तीत जास्त फेरे मिनिटाला ५५००. पण पूर्ण ३५० घनइंच हवा आत यायला दोन फेरे लागतात. आणि एका घनफुटात १२ गुणिले १२ गुणिले १२, म्हणजे १७२८ घनइंच. तेव्हा ३५० गुणिले ५५००, भागिले १७२८ च्या दुप्पट म्हणजे ३४५६. उत्तर येतं ५५७. सिलिंडर काठोकाठ भरले तरी एवढीच हवा लागते! ६०० चा कार्ब्युरेटर पुरून उरतो. ८५० चा लावला तर कमी वेगात हवा मंद पडते, पेट्रोल नीट उडत नाही, गाडी अडखळते आणि पेट्रोल पिते. बाळ्या गप्प झाला. मोठं भांडं तोट्यात विकून त्याने चार तोंडांचं ६०० चं घेतलं, आणि त्याला साजेसा मॅनिफोल्ड.

कॅमशाफ्टचंही तेच. शर्यतीचा कॅम लावला की उभी गाडी ढुग-ढुग-ढुग असा छान आवाज करते, त्याचीच खरी हौस असते. पण त्या कॅमने इंजिनाचा व्हॅक्यूम पडतो, आणि ब्रेक हलका करणारा डबा त्या व्हॅक्यूमवरच चालतो. नातसून म्हणाली, "आवाज नको, ब्रेक लागू दे." तो कॅम खोक्यातच राहिला. जाड नळ्या बसवल्या. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक ठिणगी बसवली, तीन वायरींचं काम.

दुबईत ताकदीआधी थंडावा बघावा लागतो. तिथला जुलै म्हणजे पंचेचाळीस अंश. पेट्रोलचा हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांना उकळायला लागतो, गरम इंजिन बंद केलं की कार्ब्युरेटरमध्ये वाफ धरते आणि गाडी पुन्हा लागत नाही. म्हणून कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड ठोकळा घातला, पेट्रोलची नळी हेडपासून दूर नेली, रेडिएटर मोठा, पंख्याभोवती नीट कवच. रेडिएटरच्या झाकणावर १५ पौंड लिहिलेलं बघून आम्हाला हसू आलं. आयुष्यभर आमच्या ऑटोक्लेव्हवर तोच आकडा होता, १५ पौंड, १२१ अंश! दाबाखाली पाणी शंभरला उकळत नाही, कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती यामुळेच. तेव्हा गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. असे भाजलेले चेहरे आम्ही धुतले आहेत.

आणि कायदा. तिथे परवानगीशिवाय इंजिनात बदल करणं गुन्हा आहे. २०१७ च्या नियमांत त्याला १००० दिरहम दंड, १२ काळे पॉइंट आणि ३० दिवस गाडी जप्त अशी शिक्षा ठेवली, अबू धाबीने तर २०२० साली जप्त गाडी सोडवायला १०,००० दिरहम लावले. बाळ्याने प्रत्येक सामानाची पावती जपली, आधी परवानगी, मग पाना. यात तीन आठवडे गेले आणि आमचा व्हिसा संपत आला.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी गाडी अंगणात ढकलली. नातसून छोटीला घेऊन फाटकाबाहेर. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. चमकणाऱ्या दिव्याने टायमिंग बघितलं, मंद वेगात ८ अंश आधी, ३००० फेऱ्यांवर ३४. व्हॅक्यूमचा काटा १९ वर, हलत नव्हता. आधी तो १५ वर लटपटत होता. पण कुठेतरी टिक-टिक येत होतं. फोन ठाण्याला लावून बॉनेटवर धरला. भाचा दोन मिनिटं ऐकत राहिला, मग म्हणाला, "एक टॅपेट सैल आहे. डावीकडचा असावा." कुठला ते फोनवरून कसं कळणार? आम्ही पर्समधून स्टेथोस्कोप काढला. हसू नका, निवृत्त झालो तरी तो आमच्याबरोबर फिरतो. पदर खोचला, पंख्यापासून हात लांब ठेवला, आणि डाव्या झाकणावर पुढून मागे टेकवत गेलो. पहिला स्वच्छ. तिसऱ्यावर टिक-टिक कानात टोचलं. पाचवा, सातवा स्वच्छ. इंजिन बंद करून झाकण उघडलं, बाळ्याने तिसऱ्याचा नट पाव फेरा आवळला. पुन्हा लावलं. फोनवरून आवाज आला, "आता ठेव."

बाळ्याने तेव्हाच विचारलं, "बाबा, येऊन बसणार का गाडीत?" पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "तिकिटाचं बघ."

२०२३ च्या जुलैत भाचा गेला होता. बापलेक हत्ताच्या डोंगराकडे जाऊन आले, बाहेर ४४ अंश. परत आल्यावर बाळ्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला, अक्षर अर्धं त्याचं, अर्धं छोटीचं. पाण्याचं तापमान चढावर ९४. खाली पेट्रोल पंपावर बंद करून पुन्हा लावली, पहिल्या झटक्यात लागली. कॉम्प्रेशन, सातवा सिलिंडर: १४८.